दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

मी एक वही बोलतेय. अंगावर आता एक ओळ लिहायलाही जागा उरलेली नाही, म्हणून म्हटलं, निदान बोलून घ्यावं.

माझा जन्म म्हापशाच्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. कागदाचे ताव दुमडले गेले, जाड दोऱ्याने शिवले गेले, पाठीवर काळ्या कापडाची पट्टी बसली. पानं दोनशे. त्या वेळी माझं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे मला ठाऊक नव्हतं. कोऱ्या वहीला दोन्ही टोकं सारखीच असतात. ती पेंगत पडून राहते, आणि कुणीतरी कधीतरी पहिला शब्द लिहील अशी स्वप्नं बघते.

डिचोलीच्या बाजारातल्या एका दुकानात मी अशीच दोन महिने पेंगत होते. मग एका बुधवारी गौरवी आली.

गौरवी गावस ही पेडणे तालुक्यातल्या चांदेलची. वय तिशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, केस घाईत बांधलेले. तिने मला उघडलं, पानांत नाक घातलं आणि डोळे मिटून उभी राहिली. दुकानदार म्हणाला, बाय, वही घ्यायची आहे की अत्तर? ती हसली आणि मला पिशवीत टाकलं.

तिचं काम मला हळूहळू कळलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत शांतारामबाबांचा कारखाना होता. पूर्वी ते खाणींवरचे टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, दुरुस्त करायचे. खाणी बंद पडल्या तसे ते काजूच्या कारखान्यांसाठी यंत्रं बनवू लागले. काजूच्या बिया वाफवायची टाकी, सुकवायची भट्टी, असली. प्रत्येक यंत्राबरोबर एक कागद जायचा. यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, कसं पुसायचं. तो कागद गौरवी लिहायची. पेडण्यापासून पलीकडे दोडामार्गपर्यंत सगळे कामगार वाचणार, म्हणून साध्या मराठीत लिहायची. पहिला खर्डा माझ्या पुढच्या पानांवर उतरायचा.

आणि मागच्या पानांवर? मला उलटी करून, मागच्या टोकापासून, ती गोष्टी लिहायची.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याबरोबर ती घराबाहेर पडे. दोन बस बदलून डिचोली. खिडकीजवळची जागा मिळाली की मला मांडीवर घ्यायची. बस डोंगर उतरायची, नदीवरून जायची, काजूच्या बागांतून वळणं घ्यायची, आणि त्या हेलकाव्यांबरोबर तिची अक्षरंही डोलायची. मागच्या पानांवर तिची लेखणी अशी फिरायची की मला गुदगुल्या व्हायच्या. कधी अर्ध्या वाक्यात थांबून ती बाहेर बघत बसे, आणि आम्ही दोघी कुठे असायचो ते आमचं आम्हालाच ठाऊक नसायचं. उतरायची जागा एकदा नाही, तीनदा चुकली.

कारखान्यात पोचली की ती मला सुलटी करायची. तीच बाई, तीच लेखणी, पण हात निराळा. पट्टी ठेवून रेघ, आकडा, पूर्णविराम. एकदा तिने शांतारामबाबांना सांगितलं होतं, की हा कागद वाचणाऱ्याचे हात ओले असतात, कानांत यंत्राचा आवाज असतो, त्याला वेळ नसतो. त्याला माझी आठवणही होता कामा नये. गोष्ट वाचणारा तसा नसतो. तो बसलेला असतो, त्याला कुठे जायचं नसतं. शांतारामबाबांनी मान डोलावली आणि टाकीचा कागद कधी होईल ते विचारलं.

मला दोन्ही आवडायचं. खरं सांगायचं तर गर्वच होता मला. दुकानातल्या किती वह्यांच्या नशिबी हिशेब आले असतील, आणि माझ्यात एकीकडे टाकी होती, दुसरीकडे केरीचा समुद्र.

त्या दिवसांत ती एक गोष्ट लिहीत होती. केरीच्या धक्क्यावर एक बाई सकाळी फेरीबोटीची वाट बघत उभी आहे. पलीकडे तेरेखोल, मध्ये धुकं. पलीकडून कुणीतरी यायचं आहे, पण ते येईल की नाही हे तिला माहीत नाही. गौरवीने लिहिलं, ‘धुकं हलकेच बाजूला झालं आणि’. तिथे थांबली. ‘हलकेच’ या शब्दावरून तिने बोट फिरवलं. तो शब्द तिला फार आवडला होता. दिवसभर तो तिच्या ओठांवर राहिला.

दुपारी कारखान्यात तिने मला सुलटी केली आणि टाकीच्या कागदाची नववी सूचना लिहिली. ‘वाफ सोडण्यासाठी व्हॉल्व्हचे चाक हलकेच उघडावे.’

शब्द मागून पुढे आला होता. मला जाणवलं, पण वहीला कुठे बोलता येतं. तिच्या तर लक्षातही आलं नाही. कागद छापला गेला, टाकीवर चिकटला आणि टाकी सरहद्दीजवळच्या एका काजू कारखान्यात गेली.

शिमगा झाला होता. काजूचा हंगाम ऐन भरात होता, बसमध्येही बोंडांचा आंबूस वास भरून राहायचा. एका सकाळी फोन आला. त्या टाकीवर काम करणाऱ्या बाबुराव नावाच्या माणसाने चाक फिरवलं, वाफेचा लोट एकदम बाहेर आला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला.

शांतारामबाबा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी आधी इस्पितळात कोण गेलं आहे त्याची चौकशी केली. त्यानंतर मात्र गौरवीला म्हणाले, की तू जाऊ नको. कागदात चूक नाही, हलकेच उघड असंच लिहिलं आहे, त्याने घाई केली असणार. गौरवीने मला उघडून नववी सूचना पाहिली. मग मला उलटी केली आणि धुक्याची ओळ पाहिली. दोन्हीकडे तो एकच शब्द होता, एकाच वळणाचा.

रविवारी ती म्हापशाला इस्पितळात गेली. मी पिशवीत होते.

बाबुराव पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. हाताला पांढरं बँडेज होतं. शेजारी त्याची बायको रुक्मिणी चमच्याने पेज भरवत होती. तीही काजू कारखान्यातच बिया फोडायची, तिची बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली होती. गौरवीने नाव सांगितलं आणि म्हणाली, तो कागद मी लिहिलाय. रुक्मिणीचा चमचा हवेत थांबला.

बाबुराव शांतपणे म्हणाला, “तुझो कागद मी वाचलंय, बाय. पयल्यापासून शेवटापर्यंत. हलकेच उघडा, असा लिवलेला. मी हलकेच उघडलंय.”

त्याने बँडेजचा हात जरा वर उचलला.

“वीस वर्सां मी खाणीवर टिप्परांची चाका बदललंय. माझ्या हाताचा हलका म्हणजे तुझ्या हाताचा सगळा जोर. ता तुका कसा कळतला?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं असं मला वाटतं. परतीच्या बसमध्ये तिने मला बाहेर काढलं नाही.

घरी आल्यावर तिने खिडकीजवळ बसून सुईत गोधडीचा दोरा ओवला आणि माझी मागची सगळी लिहिलेली पानं एकत्र धरून कडेने शिवून टाकली. सुई पुठ्ठ्यातून जाईना, तेव्हा वाटीच्या बुडाने दाबली. दुखलं असं मी म्हणणार नाही. पण आत फेरीबोट होती, धुकं होतं, ती उभी असलेली बाई होती. ती सगळी अंधारात गेली.

त्यानंतरचे महिने कोरडे गेले, बाहेर पाऊस कोसळत असतानाही. बसमध्ये ती डोळे उघडे ठेवून बसायची, पण बाहेर बघायची नाही. तिला शब्दांची भीती बसली होती. ‘पाणी भरा’ एवढं लिहून ती त्या दोन शब्दांकडे बघत राही. किती पाणी? कुठल्या भांड्याने? गार की कढत? मग प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ, त्या ओळीला पुन्हा एक इशारा. टाकीचा नवा कागद अकरा पानांचा झाला. त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि श्वास घ्यायलाही नव्हती.

शांतारामबाबांनी तो चाळला आणि म्हणाले, “गौरवीबाय, हो कागद न्हय, पोथी झाली. वाचून संपेपर्यंत बिया करपून जातल्या.”

तिलाही ते कळत होतं. पण यातलं काय काढायचं हे कळत नव्हतं. ओळ काढल्यामुळेच कुणी भाजलं तर?

चवथ झाली, गणपती पोचवून झाले आणि एक दिवस बाबुराव कारखान्याच्या दारात उभा राहिला. सोबत रुक्मिणी. हाताची जखम भरली होती, पण बोटं पुरती मिटत नव्हती. जुन्या कामावर आता हा हात चालत नाही, इथे काही काम मिळेल का, असं त्याने विचारलं. शांतारामबाबा त्याच्या नजरेला नजर देईनात. चहा मागवला, हवापाण्याचं बोलले, हात चोळत राहिले.

तेव्हा गौरवी पुढे झाली. इतक्या महिन्यांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. ती म्हणाली, “मी कागद लिहीन. बाबुरावदादा तो वाचून यंत्र चालवतील. मी समोर बसेन, पण तोंड उघडणार नाही. जिथे ते अडतील तिथे माझं चुकलं.”

शांतारामबाबांनी नवराबायको दोघांना ठेवून घेतलं. बाबुरावला कागद पारखायला, रुक्मिणीला बिया फोडायच्या यंत्रांवर.

पहिल्या दिवशी टाकी थंडच ठेवली होती. गौरवी स्टुलावर, मांडीवर मी, ओठ घट्ट मिटलेले. बाबुराव डाव्या हातात ती पोथी धरून एकेक ओळ मोठ्याने वाचायचा आणि तसं करायचा. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पहिल्या पानावरचं विसरला. मागे गेला, पुन्हा पुढे आला. गौरवी माझ्या समासात खुणा करत राहिली. नवव्या सूचनेत आता ‘हलकेच’ नव्हतं, ‘चाक डावीकडे पाव फेरा फिरवा’ असं होतं. बाबुराव थांबला.

“पाव फेरो म्हणजे खयसून खय?”

गौरवीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या हाताखाली मी ओलसर झाले होते. इतक्यात बिया निवडत बसलेली रुक्मिणी मान वर न करता म्हणाली, “चाकार एक तांबडी रेघ मार गो. टाकीर एक. दोन रेघो जुळल्यो की थांबायचा. ह्या लिवूक कित्याक होया?”

त्या अपघातानंतर गौरवी पहिल्यांदा हसली. रंगाचा डबा आला, ब्रश आला. दोन रेघा झाल्या. अकरा पानांचं एक पान व्हायला पुढे आठवडा लागला. रोज ती लिहायची, तो करायचा, ती खोडायची. शेवटी कागद असा झाला की बाबुराव वाचतोय हेच कळेना. डोळे ओळीवर आणि हात चाकावर, मध्ये काही नाही. त्या पानावर गौरवी कुठेच दिसत नव्हती. पण तिने किती जीव ओतला होता ते मला विचारा. खोडलेल्या सगळ्या ओळी माझ्यात आहेत.

बाबुरावने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, माझ्या त्या पानाखाली लिहिलं, ‘केलंय. लिवलेला तसाच झाला.’ आणि सही केली. शांतारामबाबांना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक खर्ड्याखाली त्याची तशी सही झाल्याशिवाय कागद छापायला जायचा नाही, असा नियमच झाला.

मग आली ती दुपार. वीज गेली होती. यंत्रं थांबली आणि कारखान्यात इतकी शांतता झाली की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची पावलं ऐकू येत होती. तिघं जेवून बसली होती. मी टेबलावर होते. रुक्मिणीने माझ्या शिवलेल्या कडेवरून काळं बोट फिरवलं आणि हे शिवलंस कशाला असं विचारलं.

गौरवीने सगळं सांगितलं. आत गोष्टी आहेत, तो शब्द त्यांतूनच निसटला, म्हणून बंद केल्या. रुक्मिणीने मान वर करून विचारलं,

“त्या गोष्टीन कोणाक भाजला?”

“नाही.”

“मगे?”

तेवढंच बोलून तिने बिया सोलायची सुरी उचलली आणि टाके एकेक करून कापले. मला इतक्या महिन्यांनी वारा लागला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती सुटताना बारीक आवाज करत होती.

गौरवी वाचू लागली. आधी आवाज फाटला, मग लागला. केरीचा धक्का, खारा वारा, वाट बघणारी बाई. ‘धुकं हलकेच बाजूला झालं आणि’. इथे ती थांबली. तिने लेखणी उचलली, शब्द खोडायला.

“ऱ्हवांदे,” बाबुराव म्हणाला.

तो डोळे मिटून बसला होता. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा सांगू लागला. खाणीच्या खड्ड्यात थंडीच्या दिवसांत असंच धुकं भरायचं. वरून बघितलं की खाली दूध सांडल्यासारखं. त्यातून टिप्पराचे दिवे एकेक करून वर यायचे, आणि त्यातला आपला साथीदार कुठला ते दिवा जवळ आल्यावरच कळायचं. ऐकताऐकता त्याला तोच खड्डा दिसला होता.

रुक्मिणी म्हणाली, तिला धुकं दिसलंच नाही. तिला माहेरच्या अंगणातली उकड्या भाताची वाफ दिसली आणि त्या वाफेतून आई येताना दिसली. गौरवी दोघांकडे बघत राहिली. तिने स्वतः लिहिताना समुद्रावरचं धुकं पाहिलं होतं, त्यात ना दिवा होता ना आई.

बाबुरावने डोळे उघडले. “चाक फिरवताना सगळ्यांचो हात एकाच रेघेर थांबाक होयो. हय थांबाक नको, बाय. हय जेका जितक्या लांब जावचा तितक्या जावंदे.”

गौरवीने लेखणीचं टोपण लावलं. शब्द तसाच राहिला. थोड्या वेळाने वीज आली, पण मोटार सुरू करायला कुणी लगेच उठलं नाही.

त्यानंतर ती पुन्हा बसमध्ये मला मांडीवर घेऊ लागली. फेरीबोटीची गोष्ट पुरी केली आणि मग दुसरी सुरू केली, एका हाताची. बाबुरावला आधी विचारलं. तो म्हणाला, नाव घालू नको, हात घाल. ती गोष्ट सोपी नव्हती. सूचनांची खोडलेली पानं एका बाजूने वाढत होती, गोष्टींची दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही बाजू माझ्या मध्याकडे सरकत होत्या. शेवटी एकच पान राहिलं. त्याच्या एका अंगाला सुकवण्याच्या भट्टीची शेवटची सूचना आली. दुसरं अंग कोरं होतं.

त्याच सुमाराला कारखान्याची सरकारी तपासणी ठरली. शांतारामबाबांना सह्या असलेले मूळ खर्डे कपाटात हवे होते. ते ब्लेड घेऊन आले. पुढची पानं कापून घेऊ, मागची तुझी तुला राहू दे, असं ते भल्या मनाने म्हणाले. मी टेबलावर उघडी पडले होते. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

गौरवीने माझ्यावर हात ठेवला. म्हणाली, “एकाच दोऱ्यात शिवलीय ती, शांतारामबाब. इकडची पानं काढली तर तिकडची गळतात.”

दोन दिवस बसून तिने पुढचं सगळं नव्या वहीत उतरवलं. बाबुरावने प्रत्येक कागद पुन्हा करून पाहिला आणि पुन्हा सह्या केल्या. आता हा हातपण दुखाक लागलो, असं म्हणत तो दिवसभर रुक्मिणीला हसवत होता.

आता मी चांदेलला असते, गौरवीच्या घरी, कपड्यांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. माझ्या पुढच्या पानांवरचे कागद पेडण्यात, सत्तरीत, दोडामार्गात यंत्रांवर चिकटलेले आहेत. त्यांवर तिचं नाव नाही. हाताची गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली, तिच्यावर नाव आहे. दोन्ही लिहिणारी बाई एकच, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. माझं मागणं तुमच्याकडे एवढंच, की यंत्रावरचा कागद दिसला तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि माझ्यासारखी भरलेली वही दिसली तर तिला वाळवीपासून जपा.

जाता जाता त्या शेवटच्या पानाचं सांगते. गोष्ट त्याच पानावर संपली. बाबुरावने ती स्वतः वाचायला मागितली. कारखान्याच्या पायरीवर बसून, मला गुडघ्यांवर धरून, ओठ हलवत तो वाचत राहिला. न मिटणारी बोटं माझ्यावर जड होऊन पडली होती. संपल्यावर त्याने एकदा समोरच्या माडांकडे पाहिलं. मग सवयीने डाव्या हातात लेखणी घेतली आणि खाली लिहिलं, ‘वाचलंय. माका येगळाच दिसला.’ सही केली.

गौरवीने ते वाचलं आणि विचारलं, काय दिसलं?

बाबुराव मला तिच्या हातात देत उठला.

“ता सांगूचा नाय,” तो म्हणाला, आणि टाकी तापवायला आत गेला.